ठवकरबाईंची धामण

भिवापूरकडची बाई आणि मिरची खात नाही, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणालाच पटत नसे. सुशीला ठवकर मधल्या सुट्टीत डबा उघडत तेव्हा त्यात ज्वारीची भाकरी, दही आणि बिनतिखटाचं वरण असे. कोणी ठेचा पुढे केला तर त्या नुसता हात आडवा धरत. एकदा चित्रकलेच्या बाई थट्टेनं म्हणाल्या, की तुमच्या गावची मिरची आम्ही नागपूरवाल्यांनी खायची आणि तुम्ही मात्र दहीभाकरीवर राहायचं, हा कुठला न्याय. ठवकरबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. डबा झाकला आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेल्या. त्याचं कारण मला कळायला दोन वर्षं लागली.

साठचं दशक संपत आलं होतं. मी त्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, त्या विज्ञान शिकवत. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. उंच, काटक, सावळ्या. पांढरं सुती पातळ, केसांचा घट्ट बुचडा, पायात पुरुषी वहाणा. चालताना नजर पावलांच्या पुढे चार हात जमिनीवर असे. त्यामुळे नव्या माणसाला त्या शिष्ट वाटत. समोरून येणाऱ्याकडे बघतच नाहीत, अशी त्यांच्याबद्दल तक्रार होती. शेतात वाढलेल्या माणसाची चाल होती ती. शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलत, एकेक शब्द निवडून. घरी, आईशी बोलताना मात्र भाषा गावची होई.

मला खोली हवी होती. त्यांच्या शेजारची रिकामी झाली आहे असं त्यांनीच सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाल्या, की आधी एक गोष्ट माहीत असू द्या, आमच्या घरी धामण आहे. त्या लकडगंजात राहत. धामण नावाच्या झाडाचं लाकूड बैलगाडीच्या कामाला वापरतात हे मला माहीत होतं. मला वाटलं, दारात लाकडं रचलेली असतील, अडचण होईल म्हणून सांगत असाव्यात. मी म्हटलं, असू द्या की, मला काय त्रास. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं झालं," म्हणाल्या. "बहुतेक लोक इथूनच परत जातात."

रविवारी सामान घेऊन गेले तेव्हा उलगडा झाला. आरा मशीनच्या मागे पाच खोल्यांची एक ओळ होती. दिवसभर करवतीचा आवाज, हवेत सागवानाचा वास, सगळ्यांच्या उंबऱ्यावर भुशाचा पातळ थर. ठवकरबाईंच्या खोलीत खिडकीखाली चहाचं मोठं लाकडी खोकं होतं, समोरून बारीक जाळी मारलेलं, वर कडीचं झाकण. त्यात पिवळसर तपकिरी रंगाचा, माझ्या उंचीहून लांब साप वेटोळं करून पडला होता. मी मागच्या पावली बाहेर आले. ठवकरबाई माझ्या मागोमाग आल्या नाहीत. आतूनच शांतपणे म्हणाल्या, "आधी बघायचं, मग भ्यायचं. न बघता भ्यालात तर ती भीती जन्मभर पुरते."

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

धामण त्यांच्याकडे कशी आली ते त्यांच्या आईनं सांगितलं. मी त्यांना मावशी म्हणायचे. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नऊवारी नेसणाऱ्या. गावचं शेत वाट्यानं देऊन मुलीजवळ राहायला आल्या होत्या. गोदामात लाकडाच्या थप्पीखाली साप निघाला म्हणून हमालांनी काठ्या घेतल्या होत्या. ठवकरबाई शाळेत निघाल्या होत्या, त्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तोवर एकानं कुऱ्हाड घातली होती आणि शेपटीचं टोक तुटलं होतं. बाईंनी सापाला पिशवीत घातलं, घरी आणलं, हळद भरली आणि शाळेत अर्धा तास उशिरा पोचल्या. उशिराच्या वहीत त्यांनी कारण लिहिलं, 'धामण जखमी'. जखम भरली तरी ती सुस्त होती, शिकार जमेल असं वाटेना, म्हणून राहिली. त्या वेळी साप घरात ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती, आज असं कोणी करू शकणार नाही आणि करूही नये.

तिला नाव नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, की नाव ठेवलं की आपण म्हणायला लागतो ती मला ओळखते. ती मला ओळखत नाही. माझा हात तिला गरम लागतो, एवढंच.

वर्षातून दोनदा त्या तिला कापडी पिशवीतून शाळेत नेत. मुलींना सांगत, "हात लावायची सक्ती नाही. बघायची सक्ती आहे." मग टेबलावर धामण मोकळी सोडून डोक्याचा आकार, डोळे, पोटाचे खवले, शेपटीकडचे काळे पट्टे, सगळं दाखवत. धामण गाईचं दूध पिते, शेपटीचा फटका बसला की अंग सडतं, अशा समजुती मुलींकडूनच वदवून घेत आणि एकेक खोडून काढत. शेवटी फळ्यावर दोन पावलं काढत. एकावर विषारी सापाच्या दोन दातांच्या खुणा, दुसऱ्यावर बिनविषारी सापाच्या बारीक दातांची कमान. ती कमान काढताना त्या खूप वेळ घेत. एकेक ठिपका जागच्या जागी. पालकांनी तक्रार केली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं, की साप आणणं बंद करा. ठवकरबाई म्हणाल्या, चालेल, मग पुस्तकातला तो धडाही मी शिकवणार नाही, वाचून दाखवीन फक्त. मुख्याध्यापिका शहाण्या होत्या. त्यांनी विषय तिथंच सोडला.

नागपंचमीला गारुडी टोपल्या घेऊन फिरत. आमच्या ओळीतल्या बायका हळदकुंकू, दूध घेऊन बाहेर येत. एका वर्षी ठवकरबाईंनी एका म्हाताऱ्या गारुड्याला ओट्यावर बसवलं, जेवू घातलं आणि मग म्हणाल्या, की तुमच्या नागाचं तोंड शिवलेलं आहे, ते मला उसवू द्या. तो घाबरला, मग चिडला, मग गप्प बसला. बाईंनी शिवणाच्या कात्रीनं टाके कापले. आत सगळं चिघळलेलं होतं. त्या गारुड्याला एक शब्दही लागट बोलल्या नाहीत. नाग बाईंकडेच राहिला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मावशी दारात बसून हे सगळं बघत होत्या. नाग पुरल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे इतकं काहून करते ही? तुले काही सांगते काय?" मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले.

कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात. ठवकरबाई मला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. भिवापूरहून पुढे बैलगाडीनं तासाभराचा रस्ता. गावाबाहेर खळ्यावर मिरची वाळत घातली होती. एवढा लाल रंग मी एका जागी कधी पाहिला नव्हता. जवळ गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मावशी घरी नातेवाइकांत बसल्या होत्या. आम्ही दोघी खळ्याच्या कडेला उभ्या होतो, आणि मी काही विचारलं नसताना त्या बोलायला लागल्या.

त्यांना एक मोठी बहीण होती, यमुना. यमुना सोळा वर्षांची आणि ह्या बारा. मिरची तोडायला आई आणि दोघी बहिणी शेतात गेल्या होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, यमुनाच्या पायाला साप चावला. सुशीला तिच्या शेजारीच होती. साप लांब होता, पिवळट होता, फणा नव्हता, आणि सळसळत गेला. यमुनाच्या पावलावर बारीक ठिपक्यांची कमान उमटली होती. सुशीलानं ते ठिपके मोजले होते. ती सगळ्यांना सांगत होती, फणा नव्हता, फणा नव्हता. बारा वर्षांच्या पोरीचं कोणी ऐकलं नाही.

मांत्रिकाला बोलावलं. त्यानं मांडीला दोरी आवळली. मग विष चढलं की नाही ते बघायला मिरची खायला घातली. तिखट लागली तर विष नाही, नाही लागली तर चढलं, अशी ती परीक्षा. यमुना भीतीनं पांढरी पडली होती. तिच्या तोंडाला कोरड पडलेली. आई एकेक मिरची तिच्या तोंडात देत होती आणि विचारत होती, लागली का गं तिखट? यमुना मान हलवत होती, नाही लागत. मग दोरी आणखी आवळली. पाय चिरला. दोन दिवस दोरी तशीच होती. पाय काळा पडला. तिसऱ्या दिवशी यमुना गेली.

"कॉलेजात पहिल्या वर्षी बाटलीतली धामण पाहिली," ठवकरबाई म्हणाल्या. "शेपटीजवळचे पट्टे पाहिले आणि खाली बसले. सर म्हणाले, भीती वाटली का? मी हो म्हटलं."

खळ्यावरून परत निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "आईला हे माहीत नाही. तिला वाटतं, नाग होता. तिच्या कानावर कधी जाऊ देऊ नका."

मी शब्द दिला. पण घरी परतल्यावर मला त्या खोलीत जाऊन बसणं अवघड होऊ लागलं. खिडकीखाली धामण, चुलीपाशी मावशी, आणि मध्ये वह्या तपासत बसलेल्या ठवकरबाई. शेजारपाजारच्या मुली साप बघायला आल्या की त्या सगळं पुन्हा समजावून सांगत. दोन दात, बारीक दातांची कमान, धामणीला विष नसतं. मावशी पाठमोऱ्या भाकरी थापत असत. त्या ऐकत असतील, असं माझ्या मनात आलं नाही. ठवकरबाईंच्याही आलं नसावं.

त्याच वर्षी, श्रावण सरता सरता, धामण गेली. ठवकरबाई शाळेतून आल्या तेव्हा खोक्याचं झाकण उघडं होतं. त्यांनी पलंगाखाली, फळीमागे, न्हाणीत बघितलं. मग शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन स्वतःच सांगितलं. लपवून ठेवता आलं असतं, पण त्या म्हणाल्या, लोक अंधारात पाय टाकतील, माहीत असलेलं बरं. कडी लावायची राहिली, चूक माझी आहे, असं त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. घरमालक लाकडाचे व्यापारी होते, हिंदी बोलणारे, सगळे त्यांना सेठजी म्हणत. ते तसे सज्जन, पण त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाईजी, दिवाली तक दूसरा मकान देख लीजिए." हमाल थप्प्या उपसू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक साप मारला आणि काठीवर घालून ठवकरबाईंच्या दारात आणून टाकला. तो बिनविषारी कवड्या साप होता, हातभर लांबीचा. बाई उकिडव्या बसल्या, त्याला उलटसुलट करून पाहिलं. ही नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक आणला, तोही बाईंचा नव्हता. मग बाई स्वतः गोदामात गेल्या आणि हमालांना म्हणाल्या, की आता शोधू नका. माझ्या एकीपायी तुम्ही किती जीव घेणार? साप निघाला तर मला बोलवा, शाळेत असले तर शाळेतून बोलवा.

त्यांनी मला सांगितलं नाही, पण त्या कडीबद्दल रोज विचार करत असाव्यात. वर्गात बोलता बोलता थांबत आणि अंगठा आणि बोट हवेत फिरवत, कडी लावल्यासारखं. अशा चुका त्यांच्या हातून होत नसत. मावशी त्या दिवसांत फार कमी बोलत. जेवत नीट नव्हत्या. मला वाटलं, साप मोकळा आहे म्हणून घाबरल्या असतील.

दिवाळी आली आणि गेली. दुसरी खोली मिळेना. शाळेतल्या बाईकडे साप असतो ही बातमी आमच्या आधी सगळीकडे पोचलेली असे. दरम्यान गोदामात उंदीर एवढे वाढले, की सेठजींच्या गाद्या कुरतडल्या जाऊ लागल्या, आणि खोली सोडण्याचा तगादा आपोआप थंडावला.

कार्तिकातला एक रविवार. थंडी पडली होती. ठवकरबाई सकाळीच भाजी आणायला गेल्या होत्या. मी ओट्यावर उन्हात बसले होते, तेवढ्यात मावशींनी आतून हाक मारली. आवाज अगदी नेहमीचा होता, म्हणून मी सावकाश उठले.

मागच्या न्हाणीत पाणी तापवायची चूल होती. मावशी चुलीपासून दोन हातांवर पाटावर बसल्या होत्या. चूल विझलेली होती. चुलीमागे, गरम राखेच्या कडेला, धामण वेटोळं करून पडली होती. अंगावर मातीचे डाग, एका बाजूला वाळलेली जखम, पण जाडी जशीच्या तशी. शेपटीचं तुटकं टोक बाहेर आलेलं होतं.

"आली, पाह्य," मावशी म्हणाल्या.

मी दारात थबकले. तुम्ही इकडे या, मी बाईंना बोलावते, असं काहीतरी म्हणाले. मावशींनी मला हातानं बस म्हटलं.

"येईल सुशीला. बस तू. मी कवाची बसली आहो इथं, काही करत नाही थे." मग धामणीकडे बघतच म्हणाल्या, "मीच सोडली होती वं बाई. सुशीला शाळेत गेली, अन् मी कडी काढली. दार उघडलं अन् तिकडं तोंड करून बसली. मांगं पाह्यलं, तं नव्हती."

मी विचारलं, भीती वाटायची म्हणून का?

त्यांनी मान हलवली. "भेव नव्हतं वाटत. रोज दिसे, ते पाह्यवत नव्हतं."

आम्ही दोघी बसून राहिलो. आरा मशीन रविवारी बंद असायचं, त्यामुळे फार शांत होतं. थोड्या वेळानं ठवकरबाई आल्या. पिशवी ठेवून न्हाणीत डोकावल्या, आणि पुढे होऊन त्यांनी धामणीच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. तिला उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. मी म्हणाले, घर ओळखून परत आली हो. त्या लगेच म्हणाल्या, "नाही, नाही. गेलीच नसेल फार लांब. थप्प्यांखाली असेल. थंडी पडली, ऊब पाहिजे होती." पण आवाज नेहमीसारखा लागत नव्हता.

मावशी पाटावरून म्हणाल्या, "आण इकडं. हात लावू दे मले."

तीन वर्षांत मावशींनी धामणीला एकदाही हात लावला नव्हता. ठवकरबाई त्यांच्यासमोर बसल्या. मावशींनी धामणीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग त्यांचा हात हळूहळू मागे गेला, शेपटीकडच्या काळ्या पट्ट्यांपर्यंत.

"अशीच होती ना वं?" त्यांनी विचारलं.

ठवकरबाईंनी काय, असं विचारलं नाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"यमुनाले चावली थे," मावशी म्हणाल्या. "तू एकटीनंच नव्हतं पाह्यलं. मी बी पाह्यली होती. पिवळी होती, लंबी होती. फणा नव्हता. तू पोरींना सांगून राह्यलं रोज, धामणीले इख नसते. मी ऐकते ना."

मी उठून जायला हवं होतं.

ठवकरबाईंनी धामण आपल्या मांडीवर घेतली. त्या बोलल्या तेव्हा आवाज वर्गातल्यासारखा होता, स्वच्छ आणि सावकाश, फक्त भाषा गावची होती. "नाही आई. थो नाग होता. नाग हरवक्ती फणा काढत नाही. चिडला, उभा राह्यला, तं काढते. पळून राह्यला असंल, तं नाही काढत. पिवळा नाग बी असते. तू पाह्यलं तवा थो पळत होता."

"दात तं बारीक होते. लय होते."

"काटे होते थे. धुऱ्यावर बोरी होत्या."

मावशी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "मंग इलाज नव्हता?"

"तवा नव्हता, आई. आपल्या गावात तं नव्हताच."

मग मावशी म्हणाल्या, "तू शिकली हायेस. तू म्हणतं तं नागच असंल." त्या पाटावरून उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, आणि भाजीची पिशवी घेऊन चुलीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, की कडी मीच काढली होती, तू आपल्याले बोल लावून घेऊ नको. ठवकरबाई म्हणाल्या, हो.

त्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. दिवेलागण झाली होती. खुर्चीवर न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाग फणा न काढता पळतो, हे खरं आहे. पिवळट नाग असतो, हेही खरं आहे. मी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही, आणि सगळं मिळून खोटं सांगितलं." मी म्हणाले, दुसरं काय करू शकला असता तुम्ही? त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही. मग विचारलं, "आईला पटलं असेल का?"

मी पटलं असेल म्हणाले. खरं म्हणजे मला तसं वाटत नव्हतं, आणि त्यांनाही नसावं.

दुसऱ्या दिवसापासून खोक्याला झाकण राहिलं नाही. ठवकरबाईंनी ते काढूनच टाकलं. थंडीभर धामण कधी खोक्यात, कधी न्हाणीत चुलीमागे असे. मावशी पाणी तापवताना तिला बाजूला हो म्हणत, एखाद्या मांजराला म्हणावं तसं. फाल्गुनात ऊन वाढलं आणि एक दिवस ती गोदामाकडे निघून गेली. ह्या वेळी कोणी शोधलं नाही. सेठजींनी हमालांना ताकीद दिली होती, की तिला हात लावायचा नाही. ती परत आली नाही.

ठवकरबाईंनी त्यानंतर साप पाळला नाही. वर्गात त्या चित्रांवर शिकवू लागल्या. त्या बारीक ठिपक्यांच्या कमानीचा भाग त्या आता घरात कोणाला समजावत नसत. तो फक्त शाळेत. मावशी आणखी सात वर्षं होत्या. शेवटच्या आजारात त्यांना काही आठवेनासं झालं होतं, पण लेकीला त्या शेवटपर्यंत ओळखत. त्या गेल्यावर ठवकरबाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि त्या गावी निघून गेल्या. माझी तोवर दुसऱ्या शाळेत बदली झाली होती. पत्रं येत, पोस्टकार्डावर, सहा-सात ओळींची, बहुतेक पावसापाण्याची. मग तीही थांबली.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. एका लग्नासाठी मी एसटीनं त्या बाजूला चालले होते. मधल्या एका गावात बाजाराचा दिवस होता, म्हणून गाडी थांबली ती बराच वेळ थांबली. समोर ग्रामपंचायतीचा ओटा होता. खाली चाळीस-पन्नास बाया पोतं, फडकं अंथरून बसलेल्या, बाजाराच्या टोपल्या शेजारी. आणि ओट्यावर ठवकरबाई. केस पूर्ण पांढरे झाले होते. भिंतीला त्यांनी सापांची चित्रं टांगली होती. हातात छडी होती.

खिडकीची काच खाली केली तेव्हा आवाज ऐकू आला. शाळेतली भाषा नव्हती ती.

"माह्या मोठ्या बहिणीचं नाव यमुना. सोळा वर्षांची होती. तिले धामण चावली. धामणीले इख नसते. कोणी काहीच केलं नसतं, तं थे आज जिती असती. आमी तिची मांडी बांधली, तिले मिरच्या चारल्या. माह्या मायनं चारल्या. माही माय वाईट नव्हती. तिले कोणी सांगतलंच नव्हतं. म्हणून मी तुमाले सांगून राह्यली."

मी हाक मारणार होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठली. तिनं काहीतरी विचारलं किंवा सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. सांगताना तिनं एक हात कमरेच्या उंचीवर धरून दाखवला, लेकरू एवढं होतं, असा. ठवकरबाईंनी छडी खाली ठेवली. ओट्यावरून उतरल्या. म्हातारी पुन्हा खाली बसली होती, तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्याकडे तोंड करून ऐकू लागल्या. कोणी उठून गेलं नाही.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. ती बाई अजून बोलत होती, आणि ठवकरबाई ऐकत होत्या.